टिचकी

लडलोच्या लिलावघरात दर शनिवारी
लोक आपापलं नशीब टॉवेलात गुंडाळून आणतात.
टेबलाच्या अलीकडे मी. भिंग, टॉर्च, मोजपट्टी
आणि एक छापील कागद:
तडा, टवका, झीज, जोड.

मिस्टर प्रॉसर आले ते बसमधून,
फुलदाणी कवेत, तान्हं मूल दवाखान्यात न्यावं तशी.
निळा टॉवेल, कडेला टूथपेस्टचा वाळलेला डाग.
उंची बेचाळीस सेंटिमीटर.
दुधी अंगावर पीचची एक फांदी, नऊ फळं,
आणि मानेभोवती ढगांतून
लाल वटवाघळं.
"चौदा आहेत," ते म्हणाले, "मोजून झालीत,
आजारपणात. कुणाच्या ते सोडा."

मी म्हटलं, चिनी भाषेत वटवाघूळ आणि भाग्य
यांचा उच्चार एकच, म्हणून ती काढतात.
आमच्याकडचं काही सांगितलं नाही:
वटवाघूळ घरात शिरलं
की आई केरसुणी घेऊन अर्धी रात्र त्याच्यामागे,
आणि शनिवारी मारुतीला तेल.
एवढासा जीव,
दोन मुलखांत त्याची किती वेगळी पत.

वाजवून बघायचं नाही, असा इथला नियम.
पण साहेब चहाला गेले होते.
मी कान जवळ नेला, मधल्या बोटानं टिचकी मारली,
कराडच्या बाजारात आई माठाला मारायची तशी,
कुंभाराच्या तोंडाकडे अजिबात न बघता.
बद्द वाजला की ठेव खाली, चल पुढे.
ही बद्द नव्हती. खणखणीतही नव्हती.
आवाज निघाला चांगला,
आणि मधेच कुठून तरी गळून गेला.

उलटी केली.
बुडाशी लाल रंगात सहा अक्षरं, दोन उभ्या ओळी.
मला वाचता येत नाहीत, वळण तेवढं ओळखीचं,
रोजच्या वाटेवरल्या परक्या घरांच्या पाट्यांसारखं.
आणि ऐन मधोमध,
बादशहाच्या नावाचं पोट फाडून
आरपार
करंगळी जाईल एवढं भोक.

"सासऱ्यांनी पाडलं. चोपन्न साली.
हातानं फिरवायचं ड्रिल, वर पाण्याची धार,
दोन रविवार लागले.
ग्वेनिथ बारा वर्षांची, टॉर्च धरून उभी.
तिला वाचायला दिवा हवा होता ना.
शेवटपर्यंत तोच होता,
गेल्या नोव्हेंबरपर्यंत."

मुलगा ब्रिस्टलला. छप्पर गळतंय,
त्यानंच पाठवलंय, हे नंतर कळलं.

मी आकडे सांगितले. अशी बातमी
हळू सांगायची असते, खुर्ची जवळ ओढून.
अखंड असती तर चाळीस हजार पौंड.
आता सातशे. नशीब असेल तर आठशे.
परदेशातले संग्राहक भोक ऐकलं
की फोनच ठेवतात.

ते माझ्याकडे बघत राहिले.
पाणी आणू का विचारणार होते मी.
"म्हणजे," ते म्हणाले, "विकण्यात काही अर्थ नाही."
हा प्रश्न नव्हता.
कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्यांच्या,
बक्षीस लागलेल्या पोरासारख्या.
"हे मला लिहून द्याल? तुमच्या कागदावर?
मुलाला दाखवायला."

लिहून दिलं. शिक्काही मारला, लागत नसताना.
भोक या शब्दाखाली दोन रेघा.

दारातून परत वळले:
जुन्या जाड बुडाचा बल्ब हल्ली कुठे मिळतो?
मी कॉर्व्ह स्ट्रीटवरचं हार्डवेअरचं दुकान सांगितलं.
"ते तर बंद झालं," म्हणाले. "असू दे, शोधतो."
टॉवेलाचं एक टोक लोंबत होतं, पायरीवर घासत.

मी त्यांना नंबर आधीच देऊन बसले होते, दोनशे चौदा.
कॅटलॉग छापून आला तेव्हा
दोनशे तेरा, चांदीची किटली, झाकण सैल.
दोनशे पंधरा, जलरंगातली मेंढरं.
एक गिऱ्हाईक विचारत होतं, मधला कुठे गेला?
छापखान्याची चूक, मी म्हटलं.